कॅलिफोर्नियात इंजिनिअरिंग सल्ला: एलएलसी चालेल का?

प्रश्न: मेकॅनिकल डिझाइन करतो, पीई (प्रोफेशनल इंजिनिअर, म्हणजे सरकारी परवानाधारक इंजिनिअर) लायसन्स नाही, नोकरीत कधी लागलं नाही. आता बाहेरच्या कारखान्यांसाठी काम घ्यायचंय. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढू?

उत्तर: नोकरीत लायसन्स लागलं नाही ते कॅलिफोर्नियाच्या व्यवसाय व पेशा संहितेच्या कलम ६७४७ मुळे. ही सूट उत्पादक कंपनीला व तिच्या नोकरांना, तिच्याच उत्पादनांशी निगडित कामापुरती, सिव्हिलला नाहीच. त्या कामापुरता सल्लागारही नोकरांतच धरला जातो, पण त्याबाहेरच्या कामाला ही सूट नाही. कार्डावर ‘कन्सल्टिंग इंजिनिअर’ मुळीच छापू नका, कलम ६७३२ खाली तो गुन्हा आहे.

दुसरं उत्तर: शिवाय तिथे लायसन्स लागणारी इंजिनिअरिंग सेवा एलएलसीतून देता येत नाही. कॉर्पोरेशन चालतं, पण कलम ६७३८ प्रमाणे त्या शाखेचा पीई प्रभारी अधिकारी हवा. कॉर्पोरेशनला किमान फ्रँचाइज कर (राज्यात व्यवसाय करण्याबद्दलचा कर) पहिल्या वर्षी माफ, पुढे दरवर्षी ८०० डॉलर. माझ्या मते आधी पीई भागीदार शोधा, नोंदणी नंतर.