मदत हवी: हा व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक) टाइप २ की टाइप ३? अर्जंट

झोपमोड: उद्या सकाळी केस प्रेझेंट करायची आहे. इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टवर पेरिमेम्ब्रेनस (पडद्याच्या पातळ, बिनस्नायूच्या भागाला लागून) लिहिलंय, सर म्हणतात इनलेट (रक्त आत येतं त्या भागातलं) आहे, आणि माझ्या नोट्समधल्या टाइप १ ते ४ मध्ये बसवायला गेलं तर २ पण वाटतो आणि ३ पण. काय लिहू? थिअरी नको प्लीज.

स्टेथोवाला: साइज किती? एऑर्टिक अ‍ॅन्युलसच्या (महाधमनीच्या झडपेच्या कड्याच्या) तुलनेत सांग, नुसते मिमी नको.

झोपमोड: साइज कुठे विचारलीये मी?

नंबरवाला: सोप्पंय. १ आउटलेट (रक्त बाहेर जातं तिथलं), २ पेरिमेम्ब्रेनस, ३ इनलेट, ४ मस्क्युलर (सगळी कड स्नायूची). रिपोर्टप्रमाणे २ लिही आणि झोप.

जुना_रेसिडेंट: आणि मस्क्युलर भोक इनलेटमध्येच असेल तर ३ की ४? हाच तर घोळ आहे त्या नंबरांचा. इनलेट म्हणजे भोक कुठे उघडतंय, पेरिमेम्ब्रेनस म्हणजे त्याची कड कशाची आहे, दोन वेगळे प्रश्न आहेत त्यामुळे दोघंही बरोबर असू शकतात. आयसीडी-११ (डब्ल्यूएचओची आजारांची यादी) मध्ये आधी जागा बघतात मग कड, सर तसं बोलत असतील. @झोपमोड भोक आणि ट्रायकस्पिडच्या (उजव्या बाजूच्या झडपेच्या) मधे स्नायूची पट्टी आहे का? एव्ही व्हॉल्व्ह (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा) दोन आहेत की एकच कॉमन?

नंबरवाला: परीक्षेत एवढं कोणी विचारत नाही हो.

जुना_रेसिडेंट: सर्जन विचारतो ना. पेरिमेम्ब्रेनसमध्ये हिज बंडल (ठोक्याचा विद्युत संदेश नेणारी तार) भोकाच्या मागच्या-खालच्या कडेने जातं, इनलेट मस्क्युलरमध्ये वरून. चुकीच्या कडेला टाका पडला की हार्ट ब्लॉक (तो संदेशच अडतो).

मावशी_७: माझ्या भाचीचं भोक आपोआप बुजलं, डॉक्टर आधी उगाच घाबरवतात.

स्टेथोवाला: मावशी, लहान मस्क्युलर असेल तर बुजतात बरीच. एऑर्टिक आणि पल्मनरी दोन्ही व्हॉल्व्हच्या खाली असलेलं आउटलेटचं सहसा बुजत नाही, उलट एऑर्टिक व्हॉल्व्हचं पान त्यात ओढलं जाऊन लीक सुरू होऊ शकतं. भाचीवरून सगळ्यांचं ठरवू नका.

मावशी_७: पण मर्मर (स्टेथोस्कोपमध्ये येणारा जादा आवाज) मोठा होता हो तिचा!

स्टेथोवाला: लहान भोकाचाच मोठा असतो, दोन्ही बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक जास्त असतो म्हणून.

झोपमोड: माझा धागा आहे हा 😐 फोर चेंबर व्ह्यू परत बघितला. पट्टी नाही, ट्रायकस्पिड आणि मायट्रलची (डाव्या झडपेची) पानं भोकाच्या कडेलाच एकमेकांना चिकटलेली, व्हॉल्व्ह दोन वेगळे. आणि हो, रिपोर्टवर पुढे ‘इनलेट एक्स्टेन्शन’ पण आहे, ते वर लिहायचं राहिलं.

जुना_रेसिडेंट: हे आधी लिहिलं असतंस तर! पट्टी नाही म्हणजे कड पेरिमेम्ब्रेनस, उघडतंय इनलेटमध्ये. इनलेट पेरिमेम्ब्रेनस लिही, नंबर टाकूच नकोस.

स्टेथोवाला: साइज?