'जनुकीय साहित्य' की 'आनुवंशिक द्रव्य'?

अनुवादिका: मुलांसाठीच्या लेखात 'genetic material'साठी "जनुकीय साहित्य पेशीच्या केंद्रकात असते" असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी 'साहित्य' खोडून 'आनुवंशिक द्रव्य' केलं. शिवाय "केंद्रकात" समोर प्रश्नचिन्ह. द्रव्य म्हटल्यावर मुलांना पैसा किंवा काहीतरी पातळ आठवेल ना?

रानवाट: पातळ तो द्रव. द्रव्य हा फार जुना शब्द आहे. वैशेषिक या प्राचीन दर्शनातली नऊ द्रव्यं पृथ्वीपासून मनापर्यंत जातात. आणि 'जनुकीय' तोकडा पडतो. माणसाच्या डीएनएत प्रथिनं कशी बनवायची ते सांगणारा मजकूर जेमतेम दीड-दोन टक्के; उरलेलंही पिढ्यान्‌पिढ्या उतरतंच. 'आनुवंशिक' हवं.

अनुवादिका: आणि ते प्रश्नचिन्ह?

सूक्ष्मदर्शी: ते बरोबर आहे. जीवाणूंना केंद्रकच नसतं. त्यांचा डीएनए पेशीद्रवात एका भागात गोळा झालेला असतो, त्या भागाला केंद्रकाभ म्हणतात. आपल्याही पेशींत तंतुकणिकेचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा, वेगळा डीएनए असतो, १६,५६९ बेस-जोड्यांचा, ३७ जनुकांचा. वनस्पतींत डीएनए हरितलवकातही सापडतो. "मुख्यतः केंद्रकात" लिहा आणि जीवाणूंसाठी वेगळं वाक्य घाला.

पानगळ: तंतुकणिका कोण बोलतं? मी तीस वर्षं शिकवतोय, वर्गात मायटोकाँड्रियाच चालतं.

रानवाट: ग्रीकमध्येही तो धागा आणि कण यांचाच जोडशब्द आहे. त्यांनी जे केलं तेच आपण केलं, मग आपला शब्द तेवढा कृत्रिम कसा?

पानगळ: कृत्रिम म्हटलंच नाही, परका वाटतो म्हटलं. 'केंद्रक' तरी कुठे नेमका आहे? वनस्पतीच्या मोठ्या पेशीत रिक्तिका, म्हणजे रसानं भरलेली पिशवी, त्याला पार भिंतीकडे ढकलते. चरबीच्या पेशीतही तो कडेलाच असतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कवचातला गर. 'गाभा' घेतला असता तर मुलांना लगेच कळलं असतं.

सूक्ष्मदर्शी: गाभाही मधलाच की! आणि अणूलाही केंद्रक आहे, एकाला बदलून दुसऱ्याचं काय करणार?

अनुवादिका: लेख उद्या द्यायचाय. द्रव्य की साहित्य?

माजघर: विषय निघालाय म्हणून सांगते. आईच्या वहीत सगळीकडे 'रंगसूत्र' आहे, मी शाळेत 'गुणसूत्र' शिकले. वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये 'क्रोमोसोम' नाव दिलं ते रंग धरणारी काया म्हणून, कारण रंगद्रव्य टाकलं की ती उठून दिसत. म्हणजे आईचा शब्द मुळाशी जवळचा. मला तोच आवडतो.

रानवाट: पण गुण उतरतात हे गुणसूत्रातच दिसतं.

माजघर: रंग डोळ्यांनी दिसतो, गुण नंतर समजले.