दुसऱ्यांनी लावलेला क्रम : ब्लॅक सबाथचा संग्रह आणि आपण

ब्लॅक सबाथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा 'वी सोल्ड अवर सोल फॉर रॉक अँड रोल' हा दोन तबकड्यांचा संग्रह डिसेंबर १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये निघाला. १९७० ते १९७५ या काळातल्या पहिल्या सहा अल्बममधून उचललेली गाणी, एकूण चार बाजू. बँडमधल्या चौघांना कोणी विचारलं नव्हतं. कुठली गाणी घ्यायची, कशानंतर काय ठेवायचं, सगळं परस्पर ठरलं.

मेटल ऐकणाऱ्यांमध्ये 'बेस्ट ऑफ' संग्रह ऐकणाऱ्याकडे जरा खालच्या नजरेनं बघायची पद्धत आहे. मला ती कधीच पटली नाही, कारण मी स्वतः याच दारातून आत आलो. पुढे मूळ अल्बम मिळवले, पाठ झाले, तरी एक गोष्ट गेली नाही. संग्रहात दुसरी बाजू 'पॅरानॉइड'नं सुरू होते, मग 'वॉर पिग्ज', मग 'आयर्न मॅन'. मूळ अल्बमवर 'वॉर पिग्ज' आधी आहे आणि 'पॅरानॉइड' नंतर. आजही मूळ तबकडीवर 'पॅरानॉइड' संपलं की माझा कान 'वॉर पिग्ज'च्या भोंग्याची वाट बघतो, आणि तिथे 'प्लॅनेट कॅरव्हॅन'चं संथ, पाण्याखालून आल्यासारखं गाणं सुरू होतं. दर वेळी क्षणभर पायरी चुकल्यासारखं होतं.

हा संग्रह तुमच्याकडे कसा आला आणि त्यातलं कुठलं गाणं तुमच्यात घर करून राहिलं, ते सविस्तर लिहा. नावडला असेल तर तेही लिहा.

* * *

कॅसेटवर ऐकणारा

माझ्याकडे आली ती ९० मिनिटांची कॅसेट. आतेभावानं एलपीवरून भरलेली, कव्हरवर पेन्सिलनं 'सबाथ – बेस्ट' एवढंच. गाण्यांची नावं नव्हती, म्हणून मीच नावं ठेवली. पाऊस आणि घंटेनं सुरू होतं ते 'पावसाचं'. मग 'माउथ ऑर्गनचं'. युद्धाच्या भोंग्याचं ते 'भोंगा'. एक 'खोकल्याचं' होतं, कारण सुरुवातीला कोणीतरी खोकतं आणि तोच खोकला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. तो गिटारिस्ट टोनी आयॉमीचा खोकला आहे आणि गाण्याचं नाव 'स्वीट लीफ' आहे, हे फार उशिरा कळलं. आतेभाऊ आणि मी आजही आपसात 'खोकल्याचं लाव' असंच म्हणतो.

कॅसेटच्या पहिल्या बाजूवर एलपीच्या पहिल्या दोन बाजू नीट मावल्या होत्या. दुसरीवर मात्र शेवटचं गाणं मावलं नाही. बेसची ती वळणं घेत येणारी सुरुवात, मग गिटार, मग गायक ओझी ऑस्बर्न गायला लागतो आणि साधारण तीन मिनिटांनी खट्. फीत संपली. मला वाटायचं गाणं तसंच आहे, वाक्याच्या मध्येच बंद पडणारं. आणि ते मला विलक्षण आवडायचं. इतकं भारी गाणं असं अर्ध्यावर सोडून द्यायची हिंमत कोणात असते, असं वाटायचं. बऱ्याच वर्षांनी 'एन. आय. बी.' पूर्ण ऐकलं तेव्हा खरं काय ते समजलं.

* * *

गिटार वाजवणारा

मला या संग्रहानं गिटारचं ट्यूनिंग शिकवलं, तेही आधी हैराण करून.

घरी तबकडी लावायची आणि सोबत वाजवत बसायचं, हा माझा रियाज. पहिल्या दोन बाजू बरोबर जुळायच्या. तिसरी बाजू लागली, 'टुमॉरोज ड्रीम' सुरू झालं, की माझी गिटार बेसूर. तारा पुन्हा जुळवायचो, तोवर 'फेअरीज वेअर बूट्स' आलेलं असायचं आणि आता उलटीच पंचाईत. शेवटी एका जाणत्या वादकानं सांगितलं की दोष तुझ्या हातात नाही. पहिले दोन अल्बम नेहमीच्या ट्यूनिंगमधले आहेत. तिसऱ्यापासून, म्हणजे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'पासून, आयॉमीनं तारा तीन सेमीटोन, म्हणजे तीन अर्धसूर, खाली उतरवायला सुरुवात केली. संग्रहात दोन्ही काळ एकमेकांत मिसळलेत, म्हणून तुझी तारांबळ.

तारा का उतरवल्या, ते ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. आयॉमी डावखुरा, म्हणजे त्याचा उजवा हात तारा दाबणारा. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १७ वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. गिटार सुटली असं तो धरूनच चालला होता. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी सुरावटी वाजवणारा हा जॅझ गिटारिस्ट. मग आयॉमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर कातडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या. पुढे तारा सैल केल्या, म्हणजे दाबायला कमी जोर लागेल. त्या सैल तारांतून जो खर्ज आला, तो आज जगभरच्या मेटलमध्ये ऐकू येतो.

माझंही डाव्या हाताचं एक बोट एका यंत्रात चेमटलं होतं. टोक वाचलं, पण पेर वाकत नाही. अपघातानंतर आठ महिने गिटार कपाटावर होती. खाली काढली त्या दिवशी तिसरीच बाजू लावली आणि या वेळी तारा आधीच उतरवून ठेवल्या. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह'चा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तो गिटारचा तुकडा, तीन बोटांनी येतो. जोर लागतो, पण येतो.

* * *

धाकटी बहीण

मला हे संगीत नको असायचं. दादाच्या खोलीचं दार बंद असलं तरी भिंत थरथरायची. एक दिवस त्याच दाराआडून पियानो ऐकू आला. नुसता पियानो, वर एक एकटा पडलेला आवाज. वाटलं, दादानं दुसरंच काहीतरी लावलंय. आत जाऊन विचारलं तर तो जरा ओशाळला आणि म्हणाला, "अगं, हेच ते लोक."

ते 'चेंजेस' होतं, १९७२ च्या 'व्हॉल्यूम ४'मधलं. पियानो आयॉमीनंच वाजवलाय. तेव्हा ड्रमर बिल वॉर्डचा संसार मोडत होता. त्याच्या दुःखावर बेसवादक गीझर बटलरनं शब्द लिहिले आणि ओझीनं ते गायले. एका मित्राचं दुःख बाकीच्या तिघांनी वाटून घेतलं, असंच मला ते गाणं वाटतं. त्यात ड्रम्स नाहीत. ज्याचं गाणं, तोच गप्प.

मग दादानं आणखी एक ऐकवलं, 'लगूना सनराइज'. गिटार आणि तंतुवाद्यं, शब्दच नाहीत. माझी सुरुवात या दोन गाण्यांनी झाली. 'आयर्न मॅन'पर्यंत पोचायला मला दोन वर्षं लागली, आणि दादानं एकदाही घाई केली नाही.

* * *

न पटलेला

सगळं खरं, पण मला बोलू द्या.

हा संग्रह निघाला तेव्हा बँड आपल्या जुन्या व्यवस्थापनाशी कोर्टात भांडत होता. १९७५ चा 'सॅबोटाज' हा अल्बमच त्या कटकटीत घडला. त्यातलं 'द रिट' हे गाणं नावापासूनच त्या खटल्याबद्दल आहे. रेकॉर्डिंगच्या मधून उठून वकिलांकडे जाणाऱ्या माणसांची गाणी त्यांना न विचारता विकायला काढली. हे मला विसरता येत नाही.

आणि निवड बघा. 'सॅबोटाज'मधलं एकच गाणं घेतलं, 'ॲम आय गोइंग इन्सेन'. ज्या अल्बमवर 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स' आहे, पुढच्या थ्रॅश या वेगवान मेटलची चाहूल देणारा तो रिफ आहे, त्यातून हे? 'इंटू द व्हॉइड' नाही. आणि पहिली बाजू जवळपास अर्धी 'वॉर्निंग'ला दिली. दहा मिनिटांचं, तेही मूळ दुसऱ्या बँडचं, एन्सली डनबार रिटॅलिएशनचं गाणं. आयॉमीचं वादन त्यात सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण ज्या बँडकडे स्वतःचं इतकं आहे, त्याची ओळख अशी करून द्यायची?

नव्यानं ऐकणाऱ्याला मी आजही सांगतो, सहा अल्बम क्रमानं ऐक. पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये जेमतेम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० च्या शुक्रवारी आला. त्या घाईची धग त्या अख्ख्या तबकडीत आहे. तुकडे केले की ती जाते.

* * *

बेस वाजवणारी

वरच्यांच्या रागाचा आदर आहे. पण संग्रह 'एन. आय. बी.'वर संपवणाऱ्याला मी मनापासून धन्यवाद देते. पहिल्या अल्बमवर ते गाणं मध्येच येऊन जातं. इथे चार बाजू ऐकून झाल्यावर, शेवटी, एकटा बेस. मी बेस घेतला तो या सुरुवातीमुळे.

नावाबद्दल सांगते, कारण लोक अजून चुकीचं सांगत असतात. त्या तीन अक्षरांचा सैतानी अर्थ लावणं हा नंतरचा खेळ. बिल वॉर्डची दाढी पेनाच्या निबसारखी दिसायची, म्हणून त्याला 'निब' म्हणून चिडवायचे. बस्स.

* * *

'पॅरानॉइड'मुळे तरलेला

मी हे पहिल्यांदाच कुठे लिहितोय.

काही वर्षांपूर्वी मला नैराश्याचा त्रास होता. तेव्हा त्याला हा शब्दही माहीत नव्हता. झोप नाही, कशात मन लागत नाही, हसू येत नाही, आणि सगळ्यांनाच वाटतं की हा आळशी झालाय. त्या दिवसांत मित्रानं हा संग्रह दिला. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, तीन मिनिटांहूनही कमी. शब्द नीट ऐकले आणि उठून बसलो. मला जे सांगता येत नव्हतं, ते कोणीतरी १९७० मध्ये सांगून ठेवलं होतं.

अल्बम भरायला काही मिनिटं कमी पडत होती, म्हणून ते गाणं ऐन वेळी उभं राहिलं. आयॉमीनं रिफ काढला आणि बटलरनं झटपट शब्द लिहिले. पुढे तेच इंग्लंडच्या सिंगल्सच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. अल्बमचं नाव 'वॉर पिग्ज' ठरलं होतं, ते बदलून या गाण्याचं दिलं. मुखपृष्ठ तेवढं जुनंच राहिलं, ढाल-तलवारवाला माणूस. बटलरनं नंतर मोकळेपणानं सांगितलंय की तो स्वतः नैराश्यातून जात होता आणि ते शब्द तिथूनच आले.

हे संगीत मुलांना बिघडवतं, असं मी घरी खूप ऐकलं. मला त्यानं डॉक्टरकडे नेलं. गाण्यातल्या माणसाला मदत हवी होती, आणि म्हणून मलाही ती मागता आली. औषधं, समुपदेशन सगळं झालं आणि अजूनही चालू आहे. ज्यांना असं काही होतंय त्यांनी नुसत्या गाण्यावर थांबू नका, कोणाला तरी सांगा. मी पहिल्यांदा सांगितलं ते त्याच मित्राला.

* * *

एका मुलीचा बाबा

५ जुलै २०२५. बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क, म्हणजे हे चौघं वाढले त्या ॲस्टन भागातलंच मैदान. मी आणि माझी १४ वर्षांची लेक पडद्यासमोर. पार्किन्सननं थकलेला ओझी काळ्या सिंहासनावर बसून गायला. बिल वॉर्डही होता. हे चौघं २००५ नंतर पहिल्यांदाच एकत्र वाजवत होते.

सबाथनं चारच गाणी वाजवली. 'वॉर पिग्ज', 'एन. आय. बी.', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉइड'. चारही या संग्रहातली. चौघांना न विचारता १९७५ मध्ये कोणीतरी जी निवडली होती, त्यांतलीच चार त्यांनी पन्नास वर्षांनी स्वतः निवडली. न पटलेल्या मित्राचं म्हणणं मला पटतं, खरंच. पण त्या रात्री ही गोष्ट लक्षात आली आणि मी लेकीला सांगितली.

२२ जुलैला ओझी गेला, आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. लेक माझ्या आधी उठली होती, तिनंच सांगितलं. शाळा होती, तरी तिनं दप्तर बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, पावसाचं लावा ना." वर कॅसेटवाल्या मित्रानं ठेवलेलं नाव वाचून मला धक्काच बसला. आमच्या घरातही त्या गाण्याचं हेच नाव आहे.

* * *

कॅसेटवर ऐकणारा, पुन्हा

तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा.

व्हिला पार्कचं मीही पाहिलं. दुसरं गाणं 'एन. आय. बी.' सुरू झालं, बटलरचा बेस, मग गिटार, मग ओझीचा तो थकलेला आवाज. तीन मिनिटं होत आली तसा माझा हात आपोआप गुडघ्यावर आवळला. इतकी वर्षं झाली तरी अंगात ते 'खट्' बसलेलं आहे. आतेभाऊ शेजारी होता, त्याला बरोबर कळलं. म्हणाला, "अरे, ऐक. आज फीत संपणार नाही."