व्हीएमला नंबर कुणी द्यायचा: मशीननं स्वतः की बाहेरच्यानं?

शिरोलीकर:
परवा आपल्या कोल्हापूरच्या सर्व्हरवाल्यांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "प्रत्येक व्हीएमनं बूट होताना स्वतःचा यूयूआयडी तयार करावा, डिस्कवर लिहावा, तीच त्याची ओळख. क्लाउडनं दिलेल्या आयडीला हात लावू नका." खाली अंगठ्यांची रांग. डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितोय. (व्हीएम म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं उभं केलेलं व्हर्च्युअल मशीन. यूयूआयडी म्हणजे सहसा दुसऱ्या कुणाशी न जुळणारा लांबलचक नंबर.)

डिस्कवर लिहिलेली ओळख डिस्कबरोबर कॉपी होते. कुणीतरी एक व्हीएम नीट लावतो, त्याच्या डिस्कची नक्कल, म्हणजे इमेज, काढतो, त्यावरून वीस उभी करतो. मशीन-आयडीची फाइल (लिनक्स स्वतःची ओळख लिहितं ती) आत तशीच राहिली की विसांची ओळख एक. उबुंटू १८.०४ ही लिनक्सची आवृत्ती आल्यावर किती जणांनी हे भोगलं! तिथलं नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम) डीएचसीपीला, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता दाखवत नाही, मशीन-आयडीवरून काढलेला डीयूआयडी हा नंबर दाखवतं. मॅक वेगळे असूनही दोन क्लोनना आयपी एकच. लोक स्विच आणि केबल बदलत बसले.

क्लाउडचा आयडी मशीनच्या बाहेर ठरतो. ॲमेझॉनच्या ईसीटू या क्लाउडवर आय, डॅश आणि पुढं १७ हेक्स अक्षरं (० ते ९ आणि ए ते एफ). २०१६ पर्यंत ८ होती. इमेज कितीदाही वापरा, नव्या मशीनला नवा नंबर. क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीन लावून देणारा प्रोग्रॅम) तोच बघतं आणि तो बदललेला दिसला तर एसएसएचच्या होस्ट की, म्हणजे दुरून लॉगिन करताना सर्व्हर ओळखायच्या चाव्या, पुन्हा बनवतं. आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक) भट्टीवर ठरतो. कास्टिंग साच्यातून बाहेर पडून स्वतःचा नंबर सांगत नाही.

पंचगंगाकाठ:
ती पोस्ट माझी. इमेजमध्ये आयडी ठेवा असं मी कुठं लिहिलंय? बूटला तयार करा म्हटलंय. इमेज काढायच्या आधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची, पहिल्या बूटला सिस्टिमडी (लिनक्स चालू करणारा प्रोग्रॅम) १२८ बिटांचा नवा आयडी भरतं. ज्याला एवढी शिस्त नाही त्याच्या चुकीचं खापर पद्धतीवर का?

आणि तुमची भट्टी कुठं आहे? १६९.२५४.१६९.२५४ वर, मशीन क्लाउडला स्वतःचा आयडी विचारतं त्या पत्त्यावर. ईसीटूवर २०१९ मध्ये आधी टोकन मागायची पद्धत आली. ती सक्तीची केलेली असेल आणि हॉप लिमिट (उत्तर किती टप्पे जाऊ शकतं ते) १ असेल, तर मशीनच्या आत डॉकरच्या ब्रिजमागं वेगळ्या नेटवर्कवर चालणाऱ्या कंटेनरला उत्तरच येत नाही. आमची निम्मी मशीन उद्यमनगरात कारखान्याच्या खोलीत केव्हीएमवर (लिनक्सच्या व्हीएम चालवणाऱ्या यंत्रणेवर) आहेत. तिथं कुणाला विचारू? उद्या क्लाउड बदलला तर जुन्या लॉगमधल्या ओळखी कुणाशी जुळवू?

शिरोलीकर:
सिस्टिमडीचंच मॅन्युअल पूर्ण वाचा. केव्हीएमला बाहेरून यूयूआयडी दिलेला असेल तर रिकामी फाइल भरताना सिस्टिमडी तोच उचलतं. केव्हीएमची मशीन सांभाळणारं लिबव्हर्ट प्रत्येक व्हीएमला तो देतंच. म्हणजे उद्यमनगरातही नंबर बाहेरचाच पडतोय. शिवाय त्याच्याही आधी ते डी-बसची (प्रोग्रॅममधले निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेची) मशीन-आयडी फाइल बघतं. ती मुख्य फाइलकडं बोट दाखवणारी लिंक नसून वेगळी खरी फाइल असेल, तर तुम्ही एक रिकामी केली तरी जुना आयडी परत येतो. शिस्त असलेल्यांचीही मशीन अशीच जुळी निघतात.

रँडमवर एवढा भरवसा नको. चालू मशीनचा मेमरीसकट स्नॅपशॉट घेऊन दोनदा उठवला, तर दोघांचा रँडमचा साठाही तोच असतो. म्हणून तर लिनक्स ५.१८ मध्ये व्हीएमजेनआयडीचा, म्हणजे नक्कल झाल्याचं मशीनला कळवणाऱ्या नंबरचा, ड्रायव्हर आला. "तू आता वेगळा आहेस" हे हायपरवायझरला (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सांगावं लागतं, मशीनला आतून कळत नाही.

गंगावेस:
आता जरा माझं ऐका की. नंबर कुणी का देईना, लायसन्सचं काय? आमच्या कारखान्याचं ईआरपी (हिशेब, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर) मशीनच्या आयडीला बांधलेलं. २०१९ च्या पुरात हायवे शिरोलीजवळ बंद, खोलीत पाणी, सर्व्हर गेला. बॅकअपवरून क्लाउडच्या मुंबई रीजनला व्हीएम उभं केलं. डेटा शाबूत, आणि लायसन्स म्हणतंय हे मशीन वेगळं! विक्रेत्याचा फोन लागंना. कामगारांचे पगार अडकले, पुरात घरं गेलेल्या माणसांचे! नव्या मशीनला नवा आयडी, हे तुम्ही कौतुकानं सांगताय. मला ते ऐकूनच धडकी भरते.

राजारामपुरी_गल्ली:
दादा, त्रास झाला हे खरं. पण मी कोल्हापुरात बसून सॉफ्टवेअर विकतो, माझीही बाजू बघा. एक लायसन्स घेतात, व्हीएम क्लोन करतात, चार युनिटला चालवतात. विचारलं की "बॅकअप आहे" म्हणतात. मशीनला बांधू नको तर कशाला बांधू?

गंगावेस:
म्हणजे आम्ही चोर? पैसे भरून, पावती फाइलला लावून चोर? चार जणांनी क्लोन केलं म्हणून पुरातल्या माणसाला कुलूप लावता?

राजारामपुरी_गल्ली:
चोर म्हटलेलं नाही. पण सोडून दिलं तर माझ्याकडच्या पोरांना पुण्याची गाडी धरावी लागेल.

शाहूपुरीची:
दोघंही आवाज खाली घ्या. लायसन्स मशीनला बांधणंच चुकीचं आहे. मशीन मरणार, ते धरूनच क्लाउडवर काम चालतं. लायसन्स कारखान्याचं, म्हणून ते सर्व्हरकडून थोड्या मुदतीसाठी उसनं घ्यायचं आणि चालू असेपर्यंत वाढवत राहायचं. एका लायसन्सवर दुसरा क्लोन आला की त्याला मिळणार नाही. चोरीही थांबते, पूरही निभावतो.

असं उसनं तसंही लागतंच. स्नोफ्लेक या क्रमांक बनवायच्या पद्धतीतल्या ६४ बिटांच्या आयडीत मशीनसाठी १० बिट, म्हणजे १०२४ जागा. तिथं यूयूआयडी बसत नाही आणि ईसीटूचे १७ हेक्सही बसत नाहीत. दोन मशीननी एकच नंबर धरला तर पावत्यांचे क्रमांक दुबार होऊ शकतात. बूट होताना कुणाकडून तरी मोकळा नंबर मागूनच घ्यावा लागतो.

राजारामपुरी_गल्ली:
ताई, पुराच्या दिवशी कारखान्याचं इंटरनेट बंद असतं. उसनं कुठून घेणार?

शाहूपुरीची:
मुदत तासांची नको, आठवड्यांची ठेवा.

पंचगंगाकाठ:
केव्हीएमचा आणि स्नॅपशॉटचा मुद्दा मान्य. डी-बसची फाइलही तपासतो. पण क्लाउडचा आयडी मी फक्त "हे मशीन नवं आहे का" एवढंच ठरवायला वापरणार. लॉगमध्ये आमचाच नंबर जाईल, आणि कोणता नंबर कुठल्या क्लाउड-आयडीचा याचा तक्ता आमच्याकडं राहील.

शिरोलीकर:
तक्ता मशीनच्या बाहेर ठेवणार असाल तर माझी हरकत नाही. पण मग "हात लावू नका" ही ओळ पोस्टमधून काढा. नवीन पोरं ती वाचून इमेज बनवतायत.

पंचगंगाकाठ:
ओळ बदलतो. पोस्ट काढणार नाही.

गंगावेस:
तुमचं मिटलं. माझ्या लायसन्सचं?

राजारामपुरी_गल्ली:
पुढच्या आवृत्तीत नवं मशीन दिसलं तरी पंधरा दिवस पूर्ण चालेल, फोन न करता. मशीनची तपासणी मात्र काढणार नाही.

गंगावेस:
तोंडी नको. करारात लिहून द्या, मग सही करतो.