मदत हवी आहे : वडिलांची नोकरी गेल्यावर मुलांचा विमा आणि पोटगी

आमचा घटस्फोट होऊन तीन वर्षे झाली. मी दोन मुलांसह जालन्यात माहेरी राहते. मुलांचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात होते आणि कोर्टाच्या हुकुमानुसार दरमहा ८,००० रुपये पोटगी देत, शिवाय कंपनीच्या समूह विम्यात मुलांची नावे होती. दिवाळीनंतर त्यांची नोकरी गेली. गेल्या आठवड्यात धाकट्याला दम्याचा त्रास वाढला, तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवरून विम्याचे कार्ड "हे बंद झालंय, ताई" म्हणून परत आले आणि विम्याची वाताहत मला तिथे कळली.

आता ते पोटगी निम्मी करणार म्हणतात. परिस्थिती बदलल्यास रकमेत फेरबदलाचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली करता येतो. पण कोर्टाने बदल करेपर्यंत जुनाच हुकूम लागू राहतो ना? (माणूस वाईट नाही, हेही सांगायला हवे.) समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते, असे वाचले, ते फक्त मुलांपुरते कुणी करून घेतले आहे का, आणि दम्यासाठी प्रतीक्षा काळ (आधीपासूनच्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो सुरुवातीचा काळ) पुन्हा मोजला गेला का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी मुलांची नावे वडिलांच्या रेशनकार्डातून माझ्या कार्डावर आणायची आहेत; त्यासाठी तहसिलीत घटस्फोटाच्या हुकुमाची प्रत पुरते, की वडिलांची सहीही मागतात?