मदत हवी आहे: उंच शिडीला नुसता पिंजरा पुरेसा आहे का?

मंडळी, आमच्या प्लांटमध्ये टाकीला कायमची बसवलेली लोखंडी शिडी आहे, साधारण ३० फूट. भोवती गोल पिंजरा, आणि तेवढ्यावर सगळे निर्धास्त. परवा मी स्वतः चढलो. वरून तिसऱ्या पायरीचं वेल्डिंग एका बाजूने सुटलेलं, पाय ठेवला की कट्ट आवाज. एका ठिकाणी मागून पाइप इतका चिकटून गेलाय की बुटाचं फक्त टोक टेकतं. तिथे निदान ७ इंच तरी मोकळे हवेत ना?

माझ्या मते पिंजरा पडणाऱ्याला थांबवत नाही, आपटत खाली आणतो. अमेरिकेत ओशाच्या (तिथली कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था) नियमाप्रमाणे २४ फुटांहून उंच नव्या शिडीला नोव्हेंबर २०१८ पासून नुसता पिंजरा चालत नाही. जुन्या शिड्यांना २०३६ पर्यंत मुदत आहे.

शिडी सध्या बंद ठेवलीय (साहेब नाराज आहेत, असोत). आता फॉल अरेस्टर (माणूस पडू लागला की लगेच अडकून त्याला थांबवणारं साधन) वायर रोपवर सरकणारा बसवावा की कडक रेलवर? जुन्या शिडीला पडणाऱ्याला थांबवतानाचा झटका पेलवेल का, हे कुणाकडून तपासून घ्यायचं? आणि हार्नेसचा (अंगावर घालायचा सुरक्षा-पट्टा) हुक छातीच्या रिंगला की पाठीच्या? कुणी बसवून घेतलं असेल तर कृपया सांगा.