मदत हवी आहे: देवबागचा संगम कयाकने कधी ओलांडावा?

डिसेंबरात नाशिकहून दोघे येतोय. मालवणजवळच्या तारकर्लीहून दक्षिणेला निवतीपर्यंत, एक दिवस, सिंगल कयाक, लाइफ जॅकेट कायम अंगावर. सराव गंगापूर धरणात, सलग चार तासांचा. समुद्रात एकदाच, तेव्हा लाटेत उलटून परत चढता आलं. पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर निघून दुपारचा वायव्य वारा चढायच्या आत पोहोचायचं.

अडलंय ते याच संगमाशी, कर्ली नदीच्या मुखाशी. ओहोटीचं पाणी समोरच्या लाटेला भिडलं की तिथे लाट उभी राहून फुटते. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) नको म्हणून अष्टमी धरली, पण तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, या हिशेबाने भरती सहालाच पूर्ण. आम्ही आठला पोहोचणार, म्हणजे ओहोटीतच. एकादशीला भरती सव्वाआठला येते, पण पाण्याला ओढ जास्त. सोबत होडी घ्यायची तयारी आहे.

तिथल्या जाणकारांनो, अष्टमीची मंद ओहोटी बरी की एकादशीची भरलेली खाडी? आणि संगमापलीकडच्या भोगवे गावानंतर वारा वाढलाच, तर खडक टाळून कुठे उतरता येईल?